बासष्ट सेंटिमीटर

सध्या तिसरी-चौथी पडवीत बसते,
पहिली-दुसरी अंगणवाडीत,
आणि दाखल्यांचं कपाट माझ्या घरी, न्हाणीशेजारी.
पटावर एकोणीस.
पाडकामाआधी हा आकडा वरून दोनदा विचारला.

बाबी मेस्त्री चिरा तासतो.
जांभ्याची धूळ उडते,
शुद्धलेखनाच्या वह्यांवर उतरते.
कुठलं टिंब अनुस्वार, कुठलं जांभा,
मी फुंकर मारून ठरवते, मगच गुण देते.

मिक्सर सुरू झाला की पाढे वरच्या पट्टीत.
तो मधेच बंद पडतो,
आणि चौदा सक चौऱ्याऐंशी
एकटंच ओरडत जातं खाडीपर्यंत.

काल पश्चिमेची भिंत उतरवली.
सत्तर वर्षं तिच्यामागे समुद्र होता,
नुसता ऐकू यायचा.
स्वरांगी तारी उभी राहिली,
“बाई, ती बघा आमची होडी.”
मग भागाकारात कुणाचंच लक्ष नव्हतं.
माझंही.

नव्या आराखड्यात तिथे पुन्हा भिंतच आहे,
वर हातभर झरोके.
इंजिनिअर म्हणाले, पावसाचा मारा त्याच अंगाने, बाई.
खरंच आहे ते. आमची बाकं कुजली ती उगाच नाही.

बाबी काही बोलला नाही.
ओळंबा खाली ठेवून जवळ आला,
“बसल्यार पोरांचे डोळे खंय येतत?”
स्वरांगीला मांडी घालून बसवलं,
टेप धरली.
बासष्ट.
पोरांनी वहीत लिहून घेतलं, एककासकट.

इंजिनिअर गुरुवारी येतात.
तोवर तीन थर चढतील,
असं बाबी म्हणतो,
आणि सुतळी ताणतो.