घट

विट्यात पंधरा दिवसांसाठी आलोय.
न्यायच्या गोष्टी चार: बापूंचा काटा, दोन डझन मुशी,
स्वप्नाली, आणि ईश्वरीचा शाळा सोडल्याचा दाखला.
दाखला मिळाला. ईश्वरीचं अजून ठरत नाही.
ती सात वर्षांची आहे आणि विचार करतेय.

दुपारी आळीतली माणसं येऊन बसतात.
पहिला प्रश्न आमच्याकडं एकच असतो:
"तिकडं पाण्याचं कसंय?"
मी सांगतो, समुद्र आहे. पण टँकरही येतो.
टँकर म्हटल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटतं.

गावाचं नाव दार-ए-सलाम.
तिथले लोक नुसतं दार म्हणतात.
दुकानाला म्हणतात दुका.
"न कुठं गेला मग?" बापूंनी विचारलं.
पडला असंल समुद्रात, येता येता.
"म्हंजे घट धरायची."

बापूंना सगळीकडं घटच दिसते.
एकतीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढं बसलेला माणूस,
लग्नाच्या पंगतीतसुद्धा
पातेल्याच्या तळाला काय उरलंय ते आधी बघतो.

लायसनच्या कामाला वकीलबाई होत्या, नीमा मुशी.
आडनाव ऐकून मला हसू फुटलं
आणि त्या हसण्याचा खुलासा करता करता
खिडकी बंद व्हायची वेळ आली.
आमच्यात सोनं जिच्यात वितळवतात ती मूस,
एकीपेक्षा जास्त असल्या की मुशी.
बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या,
किलिमांजारोच्या उतारावर आम्ही हजारोंनी आहोत,
तुमचं सोनं पुरायचं नाही.

मग अर्ज पुढं सरकवला.
तिसरी ओळ, धंद्याचं स्वरूप.
मी लिहिलं: लोकांच्या सोन्यातलं
जे सोनं नाही ते काढून देणे.
त्यांनी ते खोडून 'रिफायनिंग' लिहिलं.
सातवी ओळ, मुक्काम कायमचा की तात्पुरता.
ती त्यांनी माझ्यावर सोडली.
बाहेर फुटपाथवर कुणीतरी कणसं भाजत होतं,
वास थेट तासगाव नाक्याचा.
मी म्हटलं, ही ओळ राहू दे, पुढच्या भरू.

काल रात्री बापूंनी पत्र्याची पेटी काढली,
काट्याची पारडी चिंचेनं घासली.
पेटीत अजून सतरा गुंजा आहेत.
अठरावी मी लहानपणी नाकात घातली होती,
तिचा हिशोब ते आजही माझ्या नावावर मांडतात.
"गुंजा हितंच ऱ्हाऊ देत," म्हणाले. "काटा ने.
सोनं कुठल्याबी देशात तेवढ्याच आचंला वितळतं.
तेजाबाला भाषा नसती.
पण दुकानातला केर रोज तू झाड.
नोकराच्या हातात झाडू द्यायचा न्हाई.
त्या केरात तुझं असतंय कायतरी."

झोपेत बापू तमिळमध्ये मोजतात.
ओन्नु, रेंडु, मूणु,
कधी चाळिसाच्या पुढं जातात.
मी उशाशी बसून ऐकलं.
आई सांगायची,
कोइमतूरला असताना ते झोपेत मराठीत मोजायचे.

स्वप्नाली वजनकाट्यावर बॅग घेऊन उभी राहते,
मग नुसतीच उभी राहते, मग वजाबाकी करते.
दोन किलो जास्त.
"काय काढू? मुशी का तिखट?"
मी काहीच बोललो नाही.
तिनं माझ्या दोन पँटी काढल्या.

पहाटे इनुस तांबोळीची गाडी दारात.
दार म्हटलं की आता मला दोन दिसतात,
हे मी कुणाला सांगितलं नाही.
पेटीत सोळाच गुंजा.
कुणी कुणाला विचारलं नाही.
ईश्वरी मागच्या सीटवर आपण होऊन बसली होती,
एक मूठ घट्ट मिटलेली.

डिकीपाशी उभं राहून
बापू बोटानं बॅगा मोजायला लागले.
मी कान देऊन उभा.
ओठ हलत होते.
आवाज काही आला नाही.