गंगा, पुढे भोक

सोयरू प्रभुदेसाई लोलयेंहून पणजीला येतो,
दोन बसगाड्या बदलून, छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात फडका, फडक्यात राजा.
'बाये, आमच्या भाटाचें कागद तें.'
चार पिढ्या त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवलाय,
दर चवथीला कुंकू लावलंय.
मोर्तबावर लाल बोटं, एकावर एक,
राजाचं नाव त्यांच्याखाली कुठेतरी.

मी पुराभिलेखात कागद सांधते.
खळ, पातळ टिश्यू, मऊ कुंचला,
आणि दुपारभर बंद ठेवलेला पंखा.
मोडी वाचते ती पोटापुरती.
खरे वाचणारे कुंडईकर सर, निवृत्त, तरी रोज येतात.
भिंग लावून एका दमात म्हणाले:
'दुर्मुखनाम संवत्सर, कार्तिक वद्य चतुर्थी.
प्रति गंगाधर.'

दुर्मुख साठ वर्षांनी परत येतो,
तेच तोंड करून.
शके सोळाशे अडतीस की अठ्ठ्याण्णव?
वार लिहिलेला आहे, पण कसरीला नेमका वारच आवडला.
उरलाय नुसता भ.
जंत्री सांगते: पहिल्या दुर्मुखात त्या तिथीला मंगळवार,
दुसऱ्यात शुक्रवार.
भौमवार असेल तर आजोबाचं पत्र,
भृगुवार असेल तर नातवाचं.
एका अक्षराच्या पोटात दोन राजे.

तीन दिवस त्या भ-भोवती खळ सुकवत बसले.
मात्रा असत्या तर डोक्यावर काही काळं उरलं असतं;
शिरोरेघेवरचा कागद शाबूत आहे, कोरा.
खाली, भोकाच्या काठाला,
मुंगीच्या पायाएवढी शाई, वळलेली.
शुक्रवार. अठ्ठ्याण्णव. नातू.
सरांनी खालून चहा मागवला, स्वतःच्या पैशाने.

गंगाधरावर मात्र माझं अडलं.
'गंगा' स्वच्छ आहे. पुढे भोक, अडीच बोटं.
'धर' बसायला एक बोट पुरे,
हा कारकून अक्षरं कंजुषासारखी टाकतो.
शिवाय खाली 'विज्ञापना'.
राजे देसायांना आज्ञा करतात,
विज्ञापना कशाला करतील?
आणि चौथ्या ओळीत: 'लेकरास दोष न द्यावा.'
सर म्हणाले, लिहिण्याची रीत असते.
मी म्हटलं, असेल.

पत्राची घडी घाईत घातलेली होती, शाई ओली असताना.
समोरच्या भागावर काहीतरी उमटलं होतं, उलटं, राखेच्या रंगाचं.
बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून काढून आणला
आणि टेबलावर उभा धरला.
भा. मग डाग. मग थी. मग बरंच काही नाही.
मग, शेवटी: माई.

गंगाभागीरथी.
लग्नपत्रिकांत अजून छापतात, गं. भा., दोन टिंबं देऊन.
गेल्या वर्षीपासून माझ्या आईच्या नावामागे.

मजकूर मग आपसूक सरळ झाला.
चाळीस खंडी भात तुम्ही दिलें,
आमचे नावाडी पावसाळाभर पोसिले,
फेडावयास हल्ली ऐवज नाही.
भाट नाही, इनाम नाही. उधारी आहे.
जाणिजेसुद्धा नाही शेवटी,
नुसतं 'कृपा असों द्यावी'.

सोयरूला हे सांगायचं काम सरांनी माझ्यावर ढकललं.
तो डब्याच्या झाकणाशी खेळत राहिला.
'मागीर? फेडलें राजान?'
त्याचं पत्र कुणी आणलेलं नाही, मी म्हटलं.
बराच वेळ त्याने मनात काही हिशेब केला, व्याजासकट असावा,
मग एकदम हसला,
सरकारदरबारी पहिल्यांदाच कुणी आपलं देणं लागत असल्यासारखा.

नोंदकार्डावरचं 'धर' सरांनीच खोडरबराने पुसलं,
भुकटी बाजूला तोंड करून फुंकली.
प्रति: गं. भा. (नाव गहाळ)माई.
नियमाप्रमाणे मोर्तब साफ करायला हवं होतं.
बाटली उघडली, कापूस ओला केला.

विधवेचं पत्र. चवथीमागून चवथी
तिच्या नकळत लावलेलं कुंकू.
कापूस वाळेपर्यंत मी तशीच बसले,
मग बाटलीला बूच लावलं.