हाफ क्लच

कुर्टीच्या शोरूममध्ये आई पाट घेऊन आली.
चवथीचा पाट, ज्यावर गणपती चित्रशाळेतून घरी येतो,
जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.
रॉयस्टन नावाचा पोरगा मायलेज सांगत होता
आणि ही मधल्या सीटवर पाट मांडून
विती मोजत होती छतापर्यंत.
"मुकुट लागता कामा नये," एवढंच म्हणाली.

सीटा सात. माणसं आठ.
घरी आम्ही सगळ्यांना आधी कागदावर बसवलं होतं.
सासूबाई खिडकीशी, त्यांना घाटात मळमळतं.
उमाकांत मागे, कारण रस्ता दिसला की तो सल्ले देतो.
दोन्ही पोरं तिसऱ्या रांगेत, नारळांच्या पोत्याशेजारी,
आणि दिराची ऋचा, जी अजून
कुणाच्याही मांडीवर मावते.
बाबा पुढे, डावीकडे.
त्यावर कोणी काही बोललं नाही.

"ऑटोमॅटिक बघा ना मॅडम," रॉयस्टन म्हणाला,
"हल्ली लेडीज तीच घेतात. डाव्या पायाला काम नाही."
मी म्हटलं, बजेट नाही.
खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.

उसगावच्या तिस्कावर तेव्हा ट्रकांची रांग
जेवणाच्या वेळीही तुटत नसे.
एका रविवारी बाबांनी मला टिपरवर चढवलं,
पाठीमागे उशी, पायांत चपला नकोत म्हणाले,
तळव्याला कळू दे.
"काट्याकडे बघू नको, कान लाव.
कुरकुरली की खालचा, गुणगुणली की वरचा.
आणि चढावर ब्रेक सोडण्याआधी
क्लच अर्धा.
तिथं ती थरथरते. ती थरथर ओळख,
मग मागे घसरायचं भय नाही."
माझा हात गियरच्या गोळ्यावर, माझ्या हातावर त्यांचा,
लोखंडासारखा गरम.
तो फ्रॉक आईनं तीनदा धुतला.
खाणीची लाली गेली नाही.
पुढे त्याचं फडकं झालं, ट्रकची काच पुसायला.

मग खाणी थांबल्या.
टिपर अंगणात उभा राहिला, कोंबड्या त्याखाली अंडी घालू लागल्या,
आणि एका सकाळी तो किलोच्या भावानं गेला.
गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली.
तिच्याबरोबर बोलणंही.

टेस्ट ड्राइव्हला फर्मागुडीचा चढ मीच मागून घेतला.
अर्ध्यावर पुढची कदंब थांबली, कुणीतरी टोपलीसकट उतरत होतं.
मागून रॉयस्टन: "हँडब्रेक, मॅडम, हँडब्रेक."
मी हँडब्रेकला हात लावला नाही.
क्लच हळूहळू वर आणला, आणि आली ती,
पायातून गुडघ्यात, गुडघ्यातून सीटमध्ये.
गाडी जागच्या जागी उभी, श्वास धरून.
बस हलली. आम्ही हललो.

तेव्हा दिसलं,
बाबांचा डावा हात मांडीवरून उठून
दरवाज्याच्या बाजूला गेला होता,
जिथं त्यांच्या आयुष्यभर गियर होता
आणि आता फक्त पाण्याची बाटली ठेवायची खाच आहे.
रिकाम्या हवेवर मूठ वळलेली.
मी दुसरा टाकला, त्यांनीही टाकला.
तिसऱ्याला मला उशीर झाला.
त्यांचा हात कधीच पुढे जाऊन थांबला होता,
आणि घशातून एक आवाज आला,
जो मी लहानपणी पुष्कळ ऐकलाय:
अगो, कान कुठं आहेत तुझे.

परतल्यावर रंगावरून भांडण झालं.
पोरांना काळा, सासूबाईंना पांढरा,
उमाकांतला जो लवकर मिळेल तो.
मॅन्युअलला दहा आठवडे थांबावं लागेल, म्हणाला रॉयस्टन.
आई बोटांवर चवथ मोजू लागली.

बाबा अजून गाडीतच.
मी दार उघडलं, काखेत हात घातला,
तर त्यांनी मला थांबवलं.
डावी मूठ हवेत डावीकडे, उजवीकडे,
पुन्हा डावीकडे, सैल.
न्यूट्रल.
मगच उतरले.

पाट मात्र मधल्या सीटवरच राहिला.
रॉयस्टन तो उलटा धरून
रस्त्यापर्यंत धावत आला.