उलटी लटकलेली

तीन दिवस आभाळ, चौथ्या दिवशी धुई.
प्रयागाकाकू म्हणाल्या, आता तुरीत शिरून बघ,
फुलापेक्षा तोंडं जास्त निघतील.

खसखशीचा दाणा चिकटावा तसं अंडं,
एक इथं, एक पार तिकडं.
मग अळी. कुठं हिरवी, कुठं तपकिरी,
पण दोन्ही अंगांची तुटक रेघ काही लपत नाही.
मुंडकं शेंगेत, धड उन्हात.
जेवताना इतकं बेफिकीर मी फक्त
आमच्या उमाकांतला पाहिलंय, पंगतीत.

रेणापूरच्या दुकानात पोरानं काडीपेटी उघडली
आणि आत न बघताच तीन बाटल्या मांडल्या.
झाडाला किती आहेत, त्यानं विचारलं नाही.
मीही मोजल्या नव्हत्या.
तशीच परत आले.

मग खाली पटकूर अंथरलं.
काकू झाड हलवायच्या, "हळू, फूल गळंल" म्हणत,
अन् त्या टपटप पडायच्या,
वेटोळं करून मेल्याचं सोंग घ्यायच्या.
वीस झाडं. शेहेचाळीस.
वहीत लिहिलं, दुधाच्या हिशोबाखाली.

सत्तेचाळिसावी पडली नाही.
शेंड्याला मागच्या पायांनी धरून
उलटी लटकली होती,
काळपट, मऊ, तेलात भिजल्या वातीसारखी.
बोट लागताच फुटली, पाणी झाली.
मी हात झटकणार,
तर काकूंनी मनगट धरलं:
"ही आजारानं गेली. हिच्यासारख्या हुडक."

दुपारभर आम्ही आजारी हुडकत हिंडलो,
धडधाकट सोडून देत.

संध्याकाळी जुन्या लुगड्यातून गाळलं ते.
वासानं कुत्रं उठून गेलं.
वर चिमूटभर नीळ,
सासऱ्यांच्या धोतराची, डबीत उरलेली.
उन्हात रोगच मरतो म्हणे,
म्हणून त्याला निळीची सावली.
रोगाला सावली!
मला हसू आलं, काकूंना नाही.
दिवस टेकल्यावर पंप पाठीवर घेतला.

रात्री भाकरी थापायच्या आधी हात तीनदा धुतले.
"माणसाला होत नाही तो," काकू म्हणाल्या.
मी चौथ्यांदा धुतले.
नखात तरी निळं राहिलंच.

सहाव्या दिवशी तीच वीस झाडं.
एकोणीस लटकलेल्या, खाली मुंडकं.
बारा अजून जेवतायत.
तुरीतल्या ज्वारीच्या कणसावर कोतवाल बसलेला,
त्याची नजर त्या बारांवर.
दुधाच्या हिशोबाखाली जागा उरली नव्हती.
पान उलटलं.