हाडांचं वय

ऑक्टोबरात लीग सुरू होते तेव्हा
कुडचड्याच्या मैदानावर लाल धूळ असते.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली,
तरी मोजे काही पांढरे निघत नाहीत.
तेरा वर्षांखालची अठरा पोरं,
ओलेन्सियो सरांच्या गळ्यातली शिट्टी,
आणि मी, शाळेचा लिपिक, संघाचा व्यवस्थापक.
म्हणजे पाण्याच्या बाटल्या, बर्फाची पिशवी आणि रजिस्टर.
पोरं मला रजिस्टरबाब म्हणतात.

पहिला सामना बाणावलीला. सात-शून्य.
आमचा गोलरक्षक सोयरू वेळीप
परतीच्या बसमध्ये हातमोजे घालूनच झोपला.
दुसरा असोळण्याला, चार-एक.
तो एकसुद्धा त्यांच्याच पोराच्या गुडघ्याला लागून गेलेला,
तरी ड्रायव्हरने पुलावर हॉर्न वाजवला.

मग हुलगप्पा आला.
आला म्हणजे होताच, माझ्याच शाळेत, मागच्या बाकावर.
सावर्ड्याच्या रेल्वे यार्डामागे अनवाणी खेळायचा,
आई बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची.
जॉस्लिनच्या भावाचे बूट, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं.
चेंडू त्याच्याकडे यायचा
तो ओळखीच्या घरी आल्यासारखा,
चपला बाहेर काढून.

नावेलीला दोन-एक.
रायला बरोबरी, तीही पेनल्टी चुकली म्हणून.
चिंचिणीला, चर्चमागच्या कापलेल्या शेतात,
भाताच्या खुंटांवरून तीन-शून्य, तिन्ही त्याचे.
सर माझ्याकडे बघून म्हणाले, बाब, लिही नीट.
मी नीट लिहिलं.
त्या संध्याकाळी पोदेराने पावाचे पैसे घेतले नाहीत.

जानेवारीत पत्र आलं:
सगळ्यांची डावी मनगटं, मडगावला, एक्स-रे.
पोरं हात पुढे करून उभी, बांगड्या भरायला बसल्यासारखी,
एकमेकांना हसत.
सतरा जणांची हाडं तेराच्या आत.
एकाची पंधरा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली.
ही फट, म्हणाले, वाढणाऱ्या पोरांत उघडी असते.
याची बुजत आलीय.
मला फट दिसली नाही.
मला दिसला शाळेतला प्रवेशाचा दिवस,
समोर एक बाई, पदराला चिकटलेलं पोर,
आणि मी विचारतोय, जन्म कधीचा?
ती म्हणाली, खाण बंद झाली तेव्हाचा.
तेव्हा हा पोटात होता की पायांवर, ते तिला सांगता येईना.
मागे रांग होती. जेवणाची घंटा झालेली.
मी लिहिलं, एक जून.
माझ्या रजिस्टरात निम्मी शाळा एक जूनला जन्मलीय.

तो खेळलेले सगळे सामने आम्ही हरलो असं ठरलं.
तीन-शून्य, तीन-शून्य, तीन-शून्य.
सोयरूने कधीच न खाल्लेले नऊ गोल
मी त्याच्या नावापुढे लाल शाईने मांडले.
सोयरू वाकून बघत होता.
म्हणाला, चिंचिणीचा पण?
चिंचिणीचा पण.

हुलगप्पा रडला वगैरे नाही.
मार्चमधल्या शेवटच्या सामन्याला पहाटेच आला,
डब्यातून चुना सोडत चारी बाजू आखल्या,
सरळ, दोरी न लावता.
मग कोपऱ्याच्या झेंड्यापाशी उकिडवा बसला.
एकदा चेंडू बाहेर गेला तेव्हा
डाव्या पायाने थांबवून, हलकेच परत दिला.
बस. एवढाच त्याचा सामना.
आम्ही हरलो, दोन-शून्य. खरेखुरे हरलो.

जाळी गुंडाळताना त्याने विचारलं,
पंधराखालचा अर्ज कधी निघतो?
जूनमध्ये, मी म्हटलं. पण तारीख लागेल, खरी.
आईला विचार.
विचारलं, म्हणाला. तिला नाही आठवत.
मग जाळीची गाठ दाताने ओढत म्हणाला,
चिंचिणीच्या सामन्याची लिहा ना.

अर्ज अजून टेबलावर आहे.
बाकीचे रकाने भरलेत.