पहिला नंबर

वरुडात बसस्टँडमागे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
सहा वर्षांत दोनशे तेरा मोबाईल स्टार्टर बसवले,
संत्र्याच्या दोनशे तेरा बागांत,
आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच : एक दोन तीन चार.
लोक विसरतात, असं म्हणायचो.
खरं तर रात्री अकराला मला फोन येऊ नये म्हणून.

पौषात बोबड्यांची बाग ताणावर होती.
ताण बाहेरच्याला सांगून कळत नाही.
झाड तहानेनं पिवळं पडू द्यायचं,
विहीर भरलेली असताना तिच्याकडे पाठ करून बसायचं,
पानं गळताना मोजायची, हात आवरायचा,
तेव्हा कुठं आंबिया फुटतो.

एका सकाळी वाफे भरलेले.
बुंध्यापासून धुऱ्यापर्यंत पाणी, वर थंडीचा धूर.
मोटर रात्रभर चालली होती
आणि घरात कोणी बटण दाबलं नव्हतं.

चिंधूजी बोबडे आधी काही बोलले नाहीत.
धुऱ्यापलीकडच्या भावाच्या बागेकडे पाहत राहिले.
वाटणीला अकरा वर्षं झालेली.
मग म्हणाले, "त्याले माह्या बागेचा बहार पाह्यवला नाई."
दुपारपर्यंत गावही तेच म्हणू लागलं.

मी पेटी उघडली.
आत पालीची दोन अंडी, मुंग्यांची माती,
आणि इमानदारीनं लुकलुकणारा हिरवा दिवा.
विचारलं त्याला, कोणाकोणाचं ऐकतोस?
मेसेजमध्ये तीन नंबर आले.
तिसरा पोराचा.
दुसरा चिंधूजींचा.
पहिला माझा.

माझा जुना. बसवताना चाचणीला टाकलेला,
सगळीकडेच टाकतो, काढायचा राहून जातो.
ते सिम रिचार्जविना मेलं दोन वर्षांमागे.
मेलं, असं मी धरून चाललो.

लावून पाहिला. एका मुलीनं उचलला.
गोंदियाकडची, नर्सिंगला शिकणारी, आवाजात झोप.
"म्हणजे तुमचे आहेत होय ते मेसेज," ती म्हणाली.
"थ्री फेज आली. मोटर चालू. मोटर बंद. व्होल्टेज कमी.
ब्लॉक करून करून थकले.
परवा रात्री एकाला उलटा फोन लावला, शिव्या द्यायला.
एकच रिंग वाजली आणि कट झाला."

कट नव्हता झाला, पोरी.
आमच्याकडे एक रिंग म्हणजे चालू.

तिला अर्धा तालुका पाठ होता.
कोणत्या फिडरवर लाईट कधी येते,
कोण पहाटे पाणी देतो, कोण चोरून दुपारी,
कोणाची मोटर चार दिवस गप्प, म्हणजे घराला कुलूप.
तिनं काही चोरलं नव्हतं.
मीच रोज रात्री तिच्या उशाशी
दोनशे तेरा घरांचं ओतत होतो.

चिंधूजींना धुऱ्यावर उभं राहून सांगितलं,
पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
"तू?" म्हणाले. एवढंच.
पलीकडची कुदळ थांबली,
थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.

त्या महिन्यात दुकान बंद ठेवून बागोबाग फिरलो.
माझा नंबर काढला, नवे पासवर्ड घातले.
"काऊन बदलवतं बाप्पा, चांगला तं होता," म्हणत
पुंजारामनं नवा आकडा ठरवला
आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना ओरडून सांगितला.
त्याचा दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलला.

मुलीचा फोन आला, मी शेवटच्या बागेत होतो.
"मेसेज बंद झाले. झोप लागते आता.
एक विचारू? तो शेवटी सत्तेचाळीस असलेला नंबर.
त्याचा रोज एकच यायचा : विहिरीत पाणी नाही, मोटर बंद.
त्याला लागलं का पाणी?"

सत्तेचाळीस कोण, मला ठाऊक होतं.
नाव जिभेवर आलं, विहिरीची खोलीही आली.
गिळलं.
"ते सांगता येत नाही, ताई," म्हणालो,
आणि फोन खांद्याशी धरून
दोनशे तेराव्या पेटीचा स्क्रू फिरवू लागलो.
ती बराच वेळ लाईनवर होती.