पंधरा टिकल्या

सगळं चाकापासून सुरू होतं.
कागद नंतर, पट्टी नंतर, आधी डबा चटईवर उपडा करून
सारखी चार चाकं निघतात का बघायचं.
निघाली. त्रेचाळीस मिलिमीटर.
उम्म सैफ शिकवणीला न्यायला आली तेव्हा
मी टेप घेऊन तिच्या गाडीपाशी उकिडवी.
वॉचमन धावत आला : मॅडम, पंक्चर?
नाही म्हटलं, प्रमाण.

एकास साडेचौदा.

सांगलीच्या पाटबंधारे खात्यात अकरा वर्षं
मी कालव्यांचे आडवे छेद काढत होते,
मग सोहारला आले आणि व्हिसावर
एका शब्दात मावले.
ठोकळे ओजसचे. तो मणिपालला शिकतोय.
फोनवर म्हणतो, आई, टाकून दे ना ते.

लांबी अडतीस टिकल्या. बसली.
रुंदी आली पंधरा.
पंधराला मध्य असतो, पण तो टिकलीच्या डोक्यावर येतो,
सांध्यावर येत नाही, आणि दिवे, नंबरपाटी, आरसा
सगळ्यांना सांधा हवा.
चौदा केली तर गाडी उपाशी दिसते,
सोळा केली तर पंगतीतून उठून आल्यासारखी.
तीन रात्री भांडले पंधराशी.
रिफायनरीची ज्योत खिडकीत, एसी घरघरतोय, दिलीप घोरतोय,
आणि मी ओट्याच्या उजेडात
एका टिकलीची चपटी पट्टी मध्ये घालून
अख्खं बॉनेट अर्ध्या घराने सरकवते.
बसलं.
कुणाला उठवून सांगायचं असतं हे?

पांढरे ठोकळे दारांपर्यंतच पुरले.
आतून पिवळी, हिरवी, मोडक्या क्रेनची निळी;
बाहेरून मात्र परीक्षेच्या गाडीसारखी, लाल पट्ट्यासकट.
पुढची काच खजुराच्या डब्याच्या झाकणातून कापली.
नियमात बसत नाही. बसू दे बाहेर.

परीक्षेत असं असतं :
मैदानात पिंपं उभी केलेली,
मधून मागे मागे जायचं, वळायचं, थांबायचं.
चार वेळा नापास.
चारही वेळा मागचं उजवं पिंप.
रिकाम्या पिंपाचा आवाज कानात नाही, पोटात येतो.
उम्म सैफ ओरडत नाही. शुवय शुवय, म्हणते,
अबायाची बाही सावरते
आणि खाली उतरून पिंप पुन्हा उभं करते,
पडलेलं मूल उचलावं तसं.

दोनशे लिटरचं पिंप या प्रमाणात
हिंगाच्या डबीएवढं भरतं.
चार डब्या ओट्यावर मांडल्या.
ड्रायव्हर म्हणून कपड्यांचा चिमटा,
छप्पर काढून स्टिअरिंगमागे बसवला
आणि वरून बघितलं.

चिमटा उजवीकडे बसला होता.

मीच बसवला होता. आराखड्यातही उजवीकडेच,
तिन्ही कागदांवर, बाण काढून, माझ्याच अक्षरात.
सात वर्षं इथे, रोज दिलीपच्या उजव्या हाताला बसून,
आणि माझ्या आतली गाडी अजून
खात्याच्या त्या जीपसारखी, कालव्याच्या भरावावर,
उजव्या खिडकीतून पाणी बघत चाललेली.
म्हणजे उजव्या बाजूची ती सगळी गाडी,
दार, आसन, मागचं चाक,
माझ्या हिशेबात नव्हतीच कधी.

स्टिअरिंग उपटायला डॅशबोर्ड सोडवावा लागला,
डॅशबोर्डसाठी बॉनेट, बॉनेटसाठी ती अर्ध्या घराची पट्टी.
पहाटेची अजान झाली तेव्हा
चिमटा डावीकडे होता
आणि गाडी केवढी तरी रुंद झाली होती.
पंधराच टिकल्या, पण रुंद.

मंगळवारी परीक्षा. सोमवारी उम्म सैफला गाडी दाखवली.
तिने तळहातावर घेतली, चाकं फिरवली,
दार उघडलं, मिटलं,
पिवळं पोट बघून हसली.
मग मागे, उजव्या चाकाच्या वर, बोट ठेवून विचारलं :
आणि पोचा? तुझा पोचा कुठाय?

मी तिथला एक ठोकळा काढून
तिच्या हातात दिला.